पंचांगाचें वय आणि शरीराचें वय



रात्रीचीं जेवणें आटोपून आपण या वेळीं निवांत बसलां असाल. कुणीं पानाचा डबा पुढें ओढला असेल, कुणी सुपारी कातरीत असेल, आणि एखादे गृहस्थ सिगारेट पेटवून गॅलरींत जाऊन उभे राहिले असतील. या सुखाच्या घटकेंत व्यत्यय आणण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे त्याचा संबंध नेमका याच घटकेशीं आहे.

एखाद्या लग्नसमारंभांत पुष्कळ वर्षांनीं दोन वर्गबंधु भेटतात. दोघांचा जन्म एकाच सालचा, दोघेही एकाच बाकावर बसून शिकलेले. परंतु एकाचें चालणें अजून ताठ असतें. दुसरा जिन्याच्या मधल्या पायरीवर दम घेण्यासाठीं थांबतो. पाहणारे एकाविषयीं म्हणतात, ‘यांनीं वय छान राखलें आहे,’ आणि दुसऱ्याविषयीं म्हणतात, ‘बिचारे लवकर थकले.’ या साध्या बोलण्यांत एक शास्त्रीय तथ्य दडलेलें आहे. माणसाला वयें दोन असतात. एक पंचांगाचें आणि दुसरें शरीराचें. पहिलें सर्वांचें सारख्याच गतीनें वाढतें. त्यावर कुणाचाही इलाज चालत नाहीं. दुसऱ्याची गति माणसागणिक निराळी असते, आणि ती कांहीं अंशीं आपल्या हातीं असते. ती किती अंशीं आपल्या हातीं आहे आणि केव्हांपर्यंत, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम म्हातारपण म्हणजे काय तें पाहूं. आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नांवाच्या द्रव्यानें लिहिलेला एक आज्ञापट असतो. पेशीनें केव्हां वाढावें, केव्हां थांबावें, आणि निकामी झाल्यावर केव्हां मरून जावें, हें त्यांत नमूद असतें. या आज्ञापटावर रोज हजारों ओरखडे उठतात. कांहीं अन्नाच्या ज्वलनामुळें, कांहीं उन्हामुळें, तर कांहीं केवळ नक्कल उतरतांना होणाऱ्या चुकांमुळें. शरीरांतले कारागीर ते बहुतेक सगळे बुजवितात. जुन्या वाड्याची पावसाळ्यापूर्वीं डागडुजी करावी, तशी ही डागडुजी जन्मभर अहोरात्र चालू असते. परंतु कोठें एखादी फट राहते, कोठें एखादें कौल नीट बसत नाहीं. राहून गेलेल्या अशा उणिवांची वर्षानुवर्षांची बेरीज हें वृद्धत्वाचें एक मोठें कारण होय.

कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात हे पाहुणे बहुधा उतारवयांतच कां येतात, याचा उलगडा यावरून होतो. यांचीं नांवें निराळीं असलीं तरी मुळें पुष्कळशीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. ओरखडे वाढले, किंवा दुरुस्तीचें काम मंदावलें, किंवा शरीरांत एक प्रकारचा बारीक दाह वर्षानुवर्षें धुमसत राहिला, कीं हे सर्वच रोग जवळ येतात. कर्करोगाची तर रीतच अशी आहे कीं, एका घावानें तो सहसा होत नाहीं. एकाच पेशीच्या आज्ञापटांत अनेक महत्त्वाच्या जागा बिघडाव्या लागतात, आणि त्याला वीस-तीस वर्षें सहज लागतात. मनुष्य फसतो तो येथेंच. विस्तवाला हात लागला तर तत्काळ चटका बसतो, म्हणून लहान मूलही विस्तवापासून दूर राहण्यास शिकतें. परंतु पंचविसाव्या वर्षीं ओढलेल्या सिगारेटची उधारी पन्नाशींत वसूल होऊं लागते. मधल्या काळांत आपली समजूत अशी होते कीं, आपणांस कांहीं झालेलें नाहीं.

आतां धुराकडे वळूं. तंबाखू जळतांना तिच्या धुरांत सात हजारांवर निरनिराळीं द्रव्यें निर्माण होतात, आणि त्यांपैकीं सत्तर तरी कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत. निकोटीन हें द्रव्य माणसाला सवयीच्या दावणीला बांधतें. पुढील नासधूस मुख्यतः इतर द्रव्यें करतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो, त्यामुळें हृदयाला तेवढ्याच कामासाठीं अधिक श्रम पडतात. रक्तवाहिन्यांचें आंतील नाजूक अस्तर खरबरीत होतें, त्यावर चरबीचे थर बसतात, आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ति वाढते. धुरांतील बेंझोपायरीन नांवाचें द्रव्य तर पेशीच्या आज्ञापटाला जाऊन चिकटतें. आज्ञापटांत ‘पी-५३’ नांवाचा एक भाग आहे. त्याला पेशीचा पहारेकरीच म्हटलें पाहिजे. बिघडलेल्या पेशीला वाढूं न देण्याचें काम त्याचें. फुफ्फुसाच्या कर्करोगांत हा पहारेकरी ज्या ज्या ठिकाणीं जखमी झालेला आढळतो, नेमका त्याच ठिकाणीं बेंझोपायरीनचा चिकटा बसतो, असें १९९६ सालीं प्रयोगशाळेंत दिसून आलें. पुढें २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला कीं, रोज वीस सिगारेटींचें एक पाकीट याप्रमाणें एक वर्षभर ओढणाऱ्याच्या फुफ्फुसांतील प्रत्येक पेशींत सरासरी १५० कायमचे फेरफार होतात. झाडाच्या खोडांत जशीं वर्षांचीं वलयें उमटावींत, तशी धूम्रपानाच्या वर्षांची ही नोंद पेशींत होत जाते.

धुराचा परिणाम फुफ्फुसापुरता राहत नाहीं. धूम्रपान करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लवकर पडतात, कारण त्वचेला ताण देणारे तंतु झिजतात. हाडें ठिसूळ होतात, हिरड्या सुटून दांत हलूं लागतात, मोतीबिंदू लवकर होतो, आणि स्त्रियांची रजोनिवृत्ति एक-दोन वर्षें अलीकडे येते. ही यादी पुन्हां एकदां मनांत उजळून पाहिली तर आपल्या ध्यानांत येईल कीं, ही म्हातारपणाचीच यादी आहे. धूर म्हातारपणाला आमंत्रण देऊन आधींच घरीं बोलावतो.

हें सारें जगाला कसें कळलें, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत फुफ्फुसाचा कर्करोग झपाट्यानें वाढूं लागला होता. डॉ. रिचर्ड डॉल आणि प्रा. ब्रॅडफर्ड हिल यांनीं त्याच्या कारणाचा शोध सुरू केला. डॉल यांचा पहिला संशय रस्त्यावरील डांबर आणि मोटारींचा धूर यांवर होता; ते स्वतः सिगारेट ओढीत असत. त्यांनीं लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांना त्यांच्या सवयी विचारल्या. १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत फुफ्फुसाच्या कर्करोगानें आजारी असलेल्या ६४९ पुरुषांची नोंद आहे. त्यांत कधींही धूम्रपान न केलेले केवळ दोघे होते. इतर रोगांनीं आजारी असलेल्या तितक्याच पुरुषांत ते २७ निघाले. डॉल यांनीं स्वतः १९४९ सालींच, आपलींच टिपणें पाहून, सिगारेट सोडून दिली होती.

पण टीकाकारांचें समाधान झालें नाहीं. म्हणून १९५१ सालीं या दोघांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रें पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. डॉक्टरांची निवड मोठ्या धोरणाची होती. त्यांचा ठावठिकाणा आणि मृत्यूचें कारण दोन्ही बिनचूक कळतात. उत्तर देणाऱ्यांपैकीं ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढें पन्नास वर्षें घेण्यांत आला. २००४ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, सिगारेट न सोडणारे डॉक्टर, न ओढणाऱ्यांच्या मानानें, सरासरी दहा वर्षें आधीं मरण पावले. परंतु या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांनीं साठाव्या वर्षीं सिगारेट सोडली त्यांनीं सुमारें तीन वर्षें परत मिळविलीं. पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्यांनीं सहा, चाळिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यांनीं नऊ, आणि तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यांनीं जवळजवळ सगळीं दहा.

‘आतां या वयांत सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न आपण घरोघर ऐकतों. पंचावन्न वर्षांचे वडील तो मुलांना विचारतात, आणि मुलेंही गप्प बसतात. त्या प्रश्नाचें उत्तर या आंकड्यांत आहे. सोडल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तांतील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. वर्षभरांत हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारें निम्म्यावर येतो. दहा वर्षांनीं फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेनें, जवळपास अर्धा होतो. २०२० सालीं तर एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ज्यांनीं धूम्रपान सोडलें होतें त्यांच्या श्वासनलिकेंत, कधींच धूर न पाहिल्यासारख्या निरोगी पेशींचे समूह पुन्हां वाढतांना दिसले. ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेनें अशा पेशी त्यांच्यांत चौपट होत्या. त्या कोठें तरी दडून राहिल्या होत्या, आणि धूर थांबतांच त्यांनीं बाहेर येऊन जागा पुन्हां व्यापली.

आतां आपल्या घराकडे येऊं. महाराष्ट्रांत तंबाखूचा प्रश्न मुख्यतः धुराचा नाहीं. २०१६-१७ सालच्या पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३.८ धूम्रपान करीत होते, पण शेंकडा २४.४ तंबाखू खात होते किंवा दांतांना लावीत होते. तळहातावर मळलेली चुना-तंबाखू, पानांतली जर्दा आणि स्त्रियांची मशेरी हीं आपलीं खरीं व्यसनें. मशेरी ही तव्यावर भाजलेली तंबाखूच होय. दांत स्वच्छ करण्याचें निमित्त करून ती घरांत शिरते, आणि दिवसांतून चार-चार वेळां लावली जाते. जी माउली सिगारेटच्या वासानें तोंडावर पदर धरते, तिला आपणही तंबाखूच घेत आहों याची जाणीव नसते.

तोंडाच्या कर्करोगाचा आणि या सवयींचा संबंध दाखविण्याच्या कामांत मुंबईचा वाटा मोठा आहे. परळ येथें १९४१ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें, आणि तेथील प्रयोगशाळेंत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं निरनिराळ्या प्रांतांतील रोग्यांच्या चालीरीती बारकाईनें टिपण्यास आरंभ केला. जशी सवय, तशी रोगाची जागा, हें सूत्र त्यांतून पुढें आलें. जो गालांत तंबाखू धरतो त्याच्या गालाला, जो ओंठामागें धरतो त्याच्या ओंठाला व हिरडीला. आंध्रच्या किनाऱ्यावर कांहीं स्त्रिया चुट्टा पेटलेलें टोंक तोंडांत धरून ओढतात. त्यांच्यांत टाळूचा कर्करोग आढळतो. गोव्यांतही धुमटी अशाच उलट्या तऱ्हेनें ओढणाऱ्या स्त्रिया संशोधकांना भेटल्या आहेत. तंबाखू जेथें टेकते तेथें ती आपली खूण ठेवते.

‘मी तंबाखू खात नाहीं, नुसती सुपारी खातों,’ असें म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांना मला नम्रपणें सांगितलें पाहिजे कीं, सुपारी ही एकटीच कर्करोगाला कारण होते. कर्करोगावरील संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें तसा निर्वाळा २००४ सालीं प्रसिद्ध केला. सुपारीच्या नित्य चघळण्यानें तोंडाचें आंतील अस्तर ताठर होत जातें, तिखट सोसत नाहींसें होतें, आणि हळूहळू तोंड उघडेनासें होतें. महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, ती याच अनुभवावरून. आपलीं तीन बोटें उभीं करून तोंडांत सहज जात नसतील, गालाच्या आंत पांढरा किंवा लाल डाग दिसत असेल, किंवा तोंडांतली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर डॉक्टरांना दाखविण्यास एक दिवसही लावूं नये. या अवस्थेंत ओळखलेला रोग पुष्कळदां पूर्ण बरा होतो.

विडीविषयींही एक भ्रम आहे. ती पानांत गुंडाळलेली, स्वदेशी आणि स्वस्त, म्हणून सौम्य असेल असें वाटतें. भारतांतील मृत्यूंची मोठी पाहणी करून २००८ सालीं जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें विडी पुरुषाच्या आयुष्यांतील सुमारें सहा वर्षें आणि स्त्रीच्या आयुष्यांतील सुमारें आठ वर्षें हिरावून घेते.

येथवर तंबाखूची कथा झाली. तिच्या बाबतींत न्यायनिवाडा सोपा आहे. ती शरीराला मुळींच लागत नाहीं, म्हणून पूर्णपणें टाकतां येते. आहाराची गोष्ट तशी नव्हे. अन्न सोडून कुणाला राहतां येत नाहीं. तेथें प्रश्न प्रमाणाचा आणि निवडीचा. शास्त्रालाही तेथें तितक्या ठामपणें बोलतां येत नाहीं. डॉ. डॉल यांनींच १९८१ सालीं डॉ. रिचर्ड पेटो यांच्यासह अमेरिकेंतील कर्करोगाच्या मृत्यूंचा जमाखर्च मांडला. तंबाखूच्या नांवावर त्यांनीं शेंकडा ३० मृत्यु लिहिले. आहाराच्या नांवावर शेंकडा ३५ लिहिले खरे, पण हा आंकडा १० पासून ७० पर्यंत कोठेंही असूं शकेल, असें प्रांजळपणें नमूद केलें. म्हणून अमुक एक फळ खाल्लें कीं कर्करोग टळतो, अशी ग्वाही जो देईल त्याच्यापासून आपण सावध राहावें. तथापि कांहीं गोष्टी आतां निश्चित झाल्या आहेत, आणि त्या आपल्या ताटाशीं संबंधित आहेत.

पहिली गोष्ट पोटावरील चरबीची. अतिरिक्त चरबी ही नुसती सांठवणीची वस्तु नाहीं. ती रक्तांत दाह वाढविणारीं द्रव्यें सोडते आणि इन्सुलिनचें काम बिघडविते. मोठें आंतडें, गर्भाशय, यकृत, रजोनिवृत्तीनंतरचे स्तन, असे तेरा ठिकाणचे कर्करोग स्थूलतेमुळें वाढतात, असें २०१६ सालीं ठरलें. यावर आपण म्हणाल, ‘आमच्या घरांत कुणीच लठ्ठ नाहीं.’ पण आपल्याकडे काटा फसवितो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचें एक छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु मोजून पाहतां युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली. आपण दिसावयास सडपातळ आणि आंतून चरबीयुक्त असतों. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांतही हीच ठेवण आढळली आहे. मधुमेह आपल्याकडे लवकर आणि बारीक माणसांनाही कां होतो, याचें हें एक कारण. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेही लोक दहा कोटींवर आहेत. म्हणून काट्याइतकाच कमरेच्या मापावर विश्वास ठेवावा.

दुसरी गोष्ट साखरेची. पोळी तव्यावर भाजतांना तिला जे तांबूस ठिपके येतात, ते पिठांतील शर्करा आणि प्रथिनें यांच्या संयोगानें येतात. रक्तांत साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तर हाच संयोग, अत्यंत संथ गतीनें, आपल्या शरीरांतही घडतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठर होतात, डोळ्यांचें भिंग गढूळ होतें, मूत्रपिंडाची चाळण निकामी होत जाते. मधुमेहांत तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी करतात, ती रक्तांतील तांबड्या द्रव्याला किती साखर चिकटली हेंच मोजते. पांढरा भात, मैदा आणि दिवसांतून पांच वेळां गोड चहा यांनीं ही चिकट वाढते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी आणि पालेभाज्या यांनीं ती आटोक्यांत राहते. सालपटासह असलेलें धान्य आणि भाज्यांतील चोथा हे मोठ्या आंतड्याच्या कर्करोगापासूनही रक्षण करतात. उलट खारवून किंवा धुरी देऊन टिकविलेलें मांस तो वाढवितें.

तिसरी गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पांच ग्रॅमपेक्षां कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ सांगते. आपल्या ताटांत भाजी-आमटीशिवाय लोणचें, पापड, चटणी आणि वर घेतलेलें मीठ अशा चार वाटांनीं तें येतें, आणि मर्यादा सहज ओलांडतें. रक्तदाब वाढल्याचें कळत नाहीं. एके दिवशीं पक्षाघातच तें कळवितो.

चौथी गोष्ट तळणाची. वनस्पति तुपाचे डबे ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या येत होते, त्यांना हें ठाऊक असावें कीं, तेल कृत्रिम रीतीनें गोठवितांना जो अपायकारक स्निग्धांश तयार होतो त्यावर भारतांत २०२२ पासून शेंकडा दोन अशी मर्यादा घातलेली आहे. पण तेंच तेल कढईंत पुन्हां पुन्हां तापविलें, तर कायदा स्वयंपाकघरांत येऊन तपासणार नाहीं.

कुणी म्हणेल, हें सगळें सांभाळण्यापेक्षां एखादी गोळी घ्यावी आणि मोकळें व्हावें. हा प्रयोगही होऊन गेला आहे. गाजरांत जें पिवळें द्रव्य असतें, तें कर्करोगापासून वांचवील या आशेनें फिनलंडांत २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर त्याच्या व दुसऱ्या एका जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची परीक्षा घेतली. १९९४ सालीं निकाल लागला, तेव्हां सर्व चकित झाले. गाजरांतील द्रव्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होतां शेंकडा १८ नीं वाढला होता. गाजर खाणें चांगलेंच. पण सिगारेटचें प्रायश्चित्त गोळींत मिळत नाहीं.

त्याच फिनलंडांत या प्रश्नाला योग्य दिशेनें हात घातला गेल्याचें उदाहरणही आहे. त्या देशाच्या पूर्वेस उत्तर कारेलिया नांवाचा प्रांत आहे. तेथें ऐन उमेदींतले पुरुष हृदयविकारानें जगांत सर्वाधिक प्रमाणांत मरत होते. लोण्यानें माखलेला पाव, साईसकट दूध, खारट पदार्थ, भाजीपाल्याचा अभाव, आणि वर सिगारेट, असा तेथील दिनक्रम. लोकांनींच सरकारकडे दाद मागितली, आणि १९७२ सालीं डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टराच्या नेतृत्वाखालीं काम सुरू झालें. त्यांनीं मोठीं इस्पितळें बांधलीं नाहींत. ‘मार्था’ नांवाच्या गृहिणींच्या संघटनेला त्यांनीं हाताशीं धरलें. बायकांनीं घरोघर जुने पदार्थ कमी लोणी आणि अधिक भाज्या घालून रांधून दाखविले. दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांना रानफळांच्या लागवडीचा मार्ग दाखविण्यांत आला. सिगारेट सोडण्याच्या चढाओढी लागल्या. सुमारें पस्तीस वर्षांत उमेदींतल्या पुरुषांचे हृदयविकारानें होणारे मृत्यु शेंकडा ८० हून अधिक घटले. त्यांत नव्या औषधोपचारांचा वाटा आहेच. तरी आरंभीचें श्रेय मुख्यतः चुलीला आणि विझविलेल्या सिगारेटींना दिलें पाहिजे. हें मी अशासाठीं सांगतों कीं, एकट्या माणसाचा निश्चय लवकर थकतो, पण घरानें आणि गांवानें मिळून केलेला निश्चय टिकतो.

आतां एका आक्षेपाचें उत्तर देऊन मी आपली रजा घेतों. ‘आमचे आजोबा नव्वद वर्षें जगले, आणि शेवटपर्यंत विडी ओढीत होते,’ असें एखादा तरी श्रोता या क्षणीं म्हणत असेल. तें खरें असेल. मी त्याचा प्रतिवाद करणार नाहीं. पुरांत उडी घालून कांहीं जण पैलतीरीं पोंचतातच, आणि हकीकत सांगावयास तेच उरतात. जे वाहून गेले त्यांचीं नातवंडें त्यांची गोष्ट सांगत नाहींत, कारण पुष्कळदां त्यांनीं आजोबांना पाहिलेलेंच नसतें. ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासाचा अर्थ एवढाच कीं, जे ओढत राहतात त्यांच्यापैकीं निदान निम्म्यांचा जीव शेवटीं त्या सवयीमुळें जातो. उरलेल्या निम्म्यांत आपण असूं, ही आशा कुणीही बाळगावी. पण ती आशाच आहे, हें ध्यानांत ठेवावें.

सवय सोडणें सोपें आहे असें मी म्हणणार नाहीं. पहिले कांहीं दिवस चिडचीड होते, झोंप येत नाहीं, कामांत मन लागत नाहीं. हा निकोटीनचा ताण होय, मनाचा दुबळेपणा नव्हे. तो कांहीं आठवड्यांत ओसरतो, आणि त्यासाठीं डॉक्टरांकडे औषधेंही असतात. पुष्कळांना दोन-तीनदां प्रयत्न करावा लागतो. पहिला प्रयत्न फसला म्हणून त्या माणसाची थट्टा करूं नये. दुसऱ्या प्रयत्नाची उमेद घरच्यांनींच त्याला द्यावी. ताटाच्या बाबतींतही एका दिवसांत क्रांति नको. या महिन्यांत वरचें मीठ बंद करावें, पुढल्या महिन्यांत चहांतली साखर अर्धी करावी, त्यानंतर एका वेळच्या भाताऐवजीं भाकरी आणि मुठीएवढी जास्त भाजी घ्यावी. वृद्धांना मात्र उपासानें किंवा अति पथ्यानें अशक्त करूं नये. डाळ, दूध, अंडीं यांची गरज त्यांना तरुणांइतकीच, किंबहुना अधिक असते.

पंचांगाचें पान रोज फाडावेंच लागतें. परंतु गॅलरींत उभे असलेले ते गृहस्थ अजून आंत आले नसतील, तर त्यांना हांक मारा. त्यांच्यामागें दार लावून घेतलें म्हणजे धूर बाहेर राहतो असें नाहीं. तो मुलांच्या फुफ्फुसांतही जातो. उपदेश करूं नका, कारण उपदेशाचा मक्ता आज मीं घेतला आहे. साठाव्या वर्षीं सोडली तरी तीन वर्षें परत मिळतात, एवढेंच त्यांना सांगा. तीन वर्षांत एखादें नातवंड चालूं लागतें आणि बोलूंही लागतें.